चाळीस अंश

बॉयलरचा काटा मीच खाली आणला होता.
ऑक्टोबरात शेवटचा पाहुणा गेला,
फिनलंडचा, छत्री विसरून,
आणि मी तळघरात उतरून
साठावरचा काटा चाळिसावर आणला.
वीज महाग. हिवाळा लांबलचक.
रिकाम्या खोल्यांसाठी पाणी कशाला तापवायचं?
हेल्वेला बोललो नाही.
एवढ्यातेवढ्याचं काय सांगायचं.

हाप्सालूची खाडी गोठली, वितळली.
मे महिन्यात ती तिसऱ्या मजल्यावर चढली,
बादली, ब्रश, व्हिनेगरची बाटली.
सात नंबरात शॉवर सोडला.
आधी नळच खोकला,
मग गंजाचं तांबडं पाणी,
मग कोमट, नितळ दिसणारं.
त्या तुषारांत अर्धा तास ती फरशी घासत होती,
गुणगुणत. मी खालून ऐकत होतो.

नवव्या दिवशी ताप.
मी थर्मामीटर झटकला, पुन्हा लावला.
चाळीस.
आकडा ओळखीचा वाटला,
कुठला ते आठवेना.

एक्स-रेत जिथं हवा काळी दिसायला हवी
तिथं उजवीकडे खाली पांढरं धुकं.
कफ नाही. पोट मात्र ढाळलेलं.
इतक्या तापात नाडीनं पळायला हवं,
ती रेंगाळत होती.
डॉक्टर माइरेनं लघवी तपासायला पाठवली
आणि तासाभरानं मला विचारलं,
"घरात कुठं पाणी साचून राहिलं होतं का?"

लेजिओनेला. नाव तिनं दोनदा उच्चारलं.
पाण्यात तो अमीबाच्या पोटात राहतो.
अमीबा त्याला खायला म्हणून गिळतो,
तो पचत नाही,
आतच वाढतो, एकाचे शंभर होतात,
आणि घर फोडून बाहेर पडतात.
फुप्फुसातही पहारेकरी पेशी असतात.
धूळ, जंतू, येईल ते गिळतात.
त्यांनी गिळलं. नेहमीसारखं.
त्याला काय, अमीबा काय नि हेल्वे काय.

आतून कडी लावणारे पाहुणे
मी पुष्कळ पाहिलेत.

प्रयोगशाळेत मी हट्टानं बघायला गेलो.
कोळशासारखी काळी थाळी,
तिच्यावर निळसर पांढरे ठिपके,
मोत्यांच्या कुड्या मोडून विखुरल्यासारखे.
सुंदर होते. मला ते आवडलं नाही,
म्हणजे सुंदर असणं.

"रक्तातलं मीठ उतरलंय," माइरे म्हणाली,
"म्हणून बरळतात."
मीठ!
आमचा समुद्रसुद्धा अळणी,
नद्यांनी पातळ केलेला,
त्याच्या काठी उभी हयात काढली बाईनं,
आता तिच्याही अंगातलं मीठ चाललं.

पाच दिवस मी खुर्ची दारापाशी ठेवून बसलो होतो,
नाकावर मास्क, हात मांडीखाली.
मग नर्स म्हणाली, "अहो, हा आजार
माणसाकडून माणसाला लागत नाही."
मी खुर्ची ओढली.
अख्ख्या वॉर्डात किरकिर झाली,
समोरचा म्हातारा जागा झाला.
हात हातात घेतला, आणि सांगितलं:
काटा मी खाली आणला होता, हेल्वे.
ती म्हणाली,
"सात नंबरच्या बाईंना सांग, न्याहारी आठला."

सलाइनमधून औषध. ताप आठवड्यानं उतरला.
धाप उतरली नाही.
जुलैत ती जिना चढायची ती तीन टप्प्यांत,
प्रत्येक टप्प्यावर खिडकीतून
हंस बघितल्याचं नाटक करत.
मीही खाली उभा राहून
बुटांची नाडी बांधायचो, सोडायचो.

ऑगस्टात पाहुणे आले. एक विधुर,
दोन सायकलवाल्या बहिणी.
पुन्हा बोलायचं राहून गेलं.
दर मंगळवारी मी रिकाम्या खोल्यांतले नळ सोडतो,
शॉवरचं तोंड पिशवीत बांधून, श्वास रोखून,
पाणी हाताला चटका देईपर्यंत.

ऑक्टोबरात तळघरात उतरलो,
सवयीनं, टॉर्च दातांत धरून.
बॉयलरच्या पत्र्यावर, साठाच्या आकड्याशी,
पेन्सिलची जाड रेघ.
खाली एक शब्द: "इथंच."
अक्षर तिचं. वेलांट्या थरथरलेल्या.

म्हणजे हा जिनाही ती उतरली होती.
आणि चढली होती.

वर गेलो.
ती बटाटे सोलत होती.
दुसरी सुरी घेऊन मी समोर बसलो.
"मीठ आणलंस?" तिनं विचारलं.